क्षयाची गोळी सर्वांना सारखी, यकृत मात्र प्रत्येकाचे वेगळे

रक्ताचा अहवाल हाती आला की अनेकांची नजर आधी एसजीपीटीच्या आकड्यावर जाते. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींत काम करणारे एक एन्झाइम आहे. पेशींना इजा झाली की ते रक्तात पाझरते आणि आकडा वाढतो. या तपासणीचे मोल मोठे आहे, पण ती बोलते ते नुकसान झाल्यानंतर. त्याच यकृतात आणखी एक एन्झाइम आहे, ज्याचा उल्लेख नेहमीच्या कोणत्याही अहवालात नसतो. त्याचे पूर्ण नाव एन-असिटाइलट्रान्सफरेज-२; संशोधक त्याला नॅट-२ म्हणतात. क्षयरोगावरचे एक मुख्य औषध, आयसोनियाझिड, माणसाच्या शरीरात किती वेळ टिकेल हे प्रामुख्याने या एन्झाइमच्या वेगावर ठरते. हा वेग जन्मतः ठरलेला असतो आणि उपचार सुरू होण्यापूर्वी, एकाही पेशीला इजा होण्याआधी, तो कळू शकतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षांत आपल्याकडे २५ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. एवढ्या मोठ्या कार्यक्रमाने हा वेग मोजण्याचा विचार आता गांभीर्याने करायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. सरसकट, उद्यापासून, प्रत्येकाचा वेग मोजा असे मी म्हणत नाही. पण ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापासून सुरुवात करावी, आणि बाकीच्यांसाठी लागणारा पुरावा आपल्याच देशात उभा करावा.

आधी हे एन्झाइम करते काय ते पाहू. आयसोनियाझिडची गोळी आतड्यातून रक्तात आणि रक्तातून यकृतात पोहोचते. तिथे नॅट-२ औषधाच्या रेणूला असिटाइल नावाचा एक छोटा रासायनिक गट जोडते. जोडणी झाली की औषधाची जंतू मारण्याची ताकद संपते आणि ते शरीराबाहेर जाण्याच्या मार्गाला लागते. नॅट-२ चे जनुक आठव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याची अनेक रूपे माणसांत आढळतात. काही रूपांतून तयार होणारे एन्झाइम झपाट्याने काम करते, काहींतून तयार होणारे अस्थिर असते किंवा संथ चालते. आईकडून आणि वडिलांकडून कोणते रूप आले यावर माणूस जलद, मध्यम की मंद गटात मोडतो हे ठरते. जलद गटात आयसोनियाझिडची रक्तातील पातळी साधारण तासा-दीड तासात निम्मी होते. मंद गटात त्यासाठी तीन तास किंवा अधिक लागतात. आता आपली मात्रा कशी ठरते ते पाहा. सरकारी कार्यक्रमात चार औषधांची एकत्रित गोळी दिली जाते आणि तिच्यात आयसोनियाझिड ७५ मिलिग्रॅम असते. ३५ ते ४९ किलो वजनाच्या रुग्णाला रोज अशा तीन गोळ्या मिळतात. म्हणजे ३५ किलोच्या माणसाला दर किलोमागे सुमारे साडेसहा मिलिग्रॅम औषध मिळते आणि ४९ किलोच्या माणसाला साडेचारच्या थोडे वर. वजनामुळे पडणारा हा फरक आपण काळजीपूर्वक पट्टे पाडून आवरतो. पण एकाच वजनाच्या दोन माणसांत, केवळ एन्झाइमच्या वेगामुळे, औषधाचा शरीराला होणारा एकूण संपर्क याहून कितीतरी अधिक प्रमाणात बदलतो, आणि त्याची दखल आपण घेत नाही.

हे ज्ञान नवे नाही. आयसोनियाझिडचा रेणू १९१२ मध्ये प्राग येथे प्रयोगशाळेत तयार झाला होता. क्षयावर तो चालतो हे जगाला १९५२ मध्ये कळले, तेव्हा न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयातील रुग्णांत झालेली सुधारणा पाहून डॉक्टरही थक्क झाले होते. पुढच्या काही वर्षांतच लक्षात आले की काही रुग्णांच्या लघवीत औषध बऱ्याच अंशी मूळ रूपात बाहेर पडते, तर काहींच्या लघवीत ते जवळजवळ सगळे बदललेले असते. १९६० मध्ये डेव्हिड प्राइस इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३ कुटुंबांतील २६७ जणांना औषधाची ठरावीक मात्रा देऊन रक्तातील पातळी मोजली. लोक सरळ दोन गटांत विभागले गेले आणि मंद असण्याचा गुणधर्म अनुवंशाच्या साध्या नियमाने चालतो हे दिसले. औषध आणि जनुक यांचे नाते उलगडणाऱ्या अभ्यासशाखेच्या पायाभरणीतील हे एक काम. पुढे जगभरातील मोजमापांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. जपानमध्ये मंद गटाचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आहे. भारतात ते निम्म्याहून अधिक आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे मूठभर अपवादांचा नाही, बहुसंख्य रुग्णांचा आहे.

या विषयात भारताने जगाला दिलेले योगदान तर आपण जवळजवळ विसरलोच आहोत. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. आजची चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. सॅनेटोरियममध्ये वर्षभर ठेवून जेवढा गुण येतो तेवढाच घरी राहून औषधे घेतल्यानेही येतो, हे या केंद्राने १९५९ मध्ये सिद्ध केले आणि जगाची क्षयोपचाराची पद्धतच बदलली. याच केंद्राने रुग्णांची जलद आणि मंद अशी विभागणी करून वर्षानुवर्षे निरीक्षणे नोंदवली. आयसोनियाझिडची मात्रा वाढवली की हातापायांना मुंग्या येणे, बधिरता, आग होणे हा मज्जातंतूंचा त्रास मंद गटात अधिक होतो आणि पायरिडॉक्सिन म्हणजे ब-६ जीवनसत्त्वाची छोटी मात्रा तो रोखते, हे तिथे स्पष्ट झाले. स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड आठवड्यातून दोनदा दिले तर उपचार चांगला चालतो. पण आठवड्यातून एकदाच दिले तर जलद गटातील रुग्ण मागे पडतात, हेही मद्रासमध्येच दिसले. औषध इतक्या लवकर निकामी होते की पुढच्या मात्रेपर्यंत जंतूंवरचा वचक टिकत नाही. पुढे रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड आले, उपचार वर्षा-दीड वर्षावरून सहा महिन्यांवर आला, आणि चार औषधांच्या एकत्रित माऱ्यापुढे एन्झाइमच्या वेगाचा परिणामकारकतेवरचा प्रभाव फिका पडला. तेव्हा हा विषय बाजूला ठेवला गेला ते समजण्यासारखे होते. पण परिणामकारकतेचा प्रश्न मागे पडला म्हणून सुरक्षिततेचाही सुटला, असे धरून चालणे बरोबर नव्हते.

कारण या उपचारातील सर्वांत गंभीर धोका यकृताचाच आहे. भूक मरते, मळमळते, डोळे पिवळे होतात. काही मोजक्या रुग्णांत यकृत निकामी होऊन मृत्यूही ओढवतो. नॅट-२ चा यात नेमका कोणता हात आहे हे कळायला विज्ञानाला वेळ लागला आणि वाटेत एकदा दिशाही बदलावी लागली. असिटाइल गट जोडलेले आयसोनियाझिड पुढे फुटते आणि असिटाइलहायड्रॅझिन तयार होते. त्यापासून यकृतातील दुसरे एक एन्झाइम विषारी पदार्थ बनवते. त्यामुळे सत्तरच्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी मांडले की जलद गटात हा पदार्थ अधिक तयार होत असणार, म्हणून धोका जलद गटालाच अधिक. मांडणी तर्कशुद्ध होती, पण अपुरी होती. असिटाइलहायड्रॅझिनला आणखी एक असिटाइल गट जोडून निरुपद्रवी करण्याचे कामही नॅट-२ च करते. मंद गटात ही सफाई रेंगाळते. शिवाय मूळ औषध जास्त वेळ राहिल्याने त्याचा काही भाग थेट फुटून हायड्रॅझिन हे आणखी त्रासदायक रसायन तयार होते. २००२ मध्ये तैवानमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मंद गटात यकृताला इजा होण्याचे प्रमाण जलद गटाच्या दुपटीहून अधिक आढळले, आणि त्यानंतर आशियातील बहुतेक अभ्यास त्याच दिशेला बोट दाखवत आले. ज्या देशात निम्म्याहून अधिक लोक मंद गटात आहेत, त्या देशाने या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

मग मात्रा बदलून काही फरक पडतो का? याचे थेट उत्तर शोधणारी चाचणी जपानमध्ये झाली आणि २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १७२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली. एका गटाला नेहमीची मात्रा मिळाली. दुसऱ्या गटात जनुक पाहून मंद रुग्णांना दर किलोमागे अडीच, मध्यम रुग्णांना पाच आणि जलद रुग्णांना साडेसात मिलिग्रॅम आयसोनियाझिड दिले गेले. नेहमीची मात्रा घेणाऱ्या मंद रुग्णांपैकी ७८ टक्क्यांमध्ये यकृताला इजा दिसली; जनुक पाहून मात्रा दिलेल्या मंद रुग्णांपैकी एकाही रुग्णात दिसली नाही, आणि कमी मात्रेमुळे उपचार फसल्याचेही आढळले नाही. जलद गटात उपचाराला सुरुवातीचा प्रतिसाद न मिळण्याचे प्रमाण ३८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले. म्हणजे एकच सरासरी मात्रा दोन्ही टोकांना चुकत होती: एकीकडे जास्त पडत होती, दुसरीकडे कमी. ही चाचणी लहान होती हे मान्य करायला हवे. जपानमध्ये मंद लोक थोडे, त्यामुळे त्या ७८ टक्क्यांमागे असलेले रुग्ण मोजकेच. या आकड्यांवर देशाचे धोरण बदलू नये. पण भारतात अशी चाचणी मोठ्या प्रमाणावर करण्यासाठी याहून अधिक सबळ कारण लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की सध्याचा उपचार चांगला चालतो आहे, बहुसंख्य रुग्ण बरे होतात, मग चालत्या गाडीला खीळ का घालायची? आक्षेप रास्त आहे. आठवड्यातून तीनदा औषध देण्याची जुनी पद्धत सोडून २०१७ पासून रोजची एकत्रित गोळी आली, त्यामागे बरीच मेहनत आहे आणि ती वाया घालवावी असे कोणीच म्हणणार नाही. पण बरे झालेल्यांच्या टक्केवारीत एक गोष्ट दिसत नाही. यकृत बिघडले की औषधे थांबवावी लागतात, एसजीपीटी खाली येण्याची वाट पाहावी लागते, मग एकेक औषध पुन्हा सुरू करावे लागते. या आठवड्यांत रोजंदारी बुडते, रुग्णाचा औषधावरचा विश्वास डळमळतो आणि काही जण परत येतच नाहीत. अर्धवट सुटलेला उपचार म्हणजे पुन्हा उलटणारा आजार आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंना मोकळे रान. प्रतिरोधी क्षयाने मुंबईचे किती नुकसान केले आहे हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. शंभरातले थोडेच रुग्ण या फेऱ्यात अडकतात असे गृहीत धरले तरी, लाखोंच्या कार्यक्रमात ते थोडे म्हणजेही हजारो माणसे होतात.

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे आणि अधिक वजनदारही. यकृताची इजा फक्त नॅट-२ मुळे होत नाही. पायराझिनामाइड स्वतःच यकृताला त्रास देते, रिफाम्पिसिनही काही प्रमाणात देते. वय, मद्यपान, हिपॅटायटिस बी किंवा सी, एचआयव्ही, कुपोषण हे सगळे या हिशेबात येतात. शिवाय कुपोषित रुग्णांत किंवा मधुमेहींत औषध नीट शोषले जात नसेल, तर मंद गट पाहून मात्रा निम्मी केल्यास ती अपुरी पडण्याची भीती आहे. जपानचा रुग्ण आणि मेळघाटातील रुग्ण यांची शरीरे, आहार आणि आजाराची तीव्रता सारखी नसते. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण त्यातून मोजणे सोडून द्यावे हा निष्कर्ष निघत नाही. काळजीपूर्वक मोजावे आणि आपल्याच लोकांत पडताळावे हा निघतो. वजन हाही मात्रेचा अपुरा निकषच आहे, तरी आपण वजनकाटा फेकून देत नाही. अनेक कारणांपैकी जे कारण आधीच कळू शकते आणि ज्याच्यावर मात्रेने उपाय करता येतो, त्याला हिशेबात घेणे शहाणपणाचे.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि सोयीचा. जनुकाची तपासणी म्हणजे मोठ्या शहरातील महागडी प्रयोगशाळा, हे चित्र आता जुने झाले आहे. क्षयाचा जंतू आणि त्याचा रिफाम्पिसिनला असलेला प्रतिरोध ओळखणारी सीबीनॅट यंत्रे आज जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. गोव्यातील मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट यंत्र तालुक्याच्या पातळीपर्यंत पोहोचले आहे आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली. ही यंत्रे जंतूचा डीएनए वाचतात. त्याच तत्त्वावर माणसाच्या नॅट-२ जनुकातील मोजके बदल वाचणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. सीबीनॅटसारख्या यंत्रावर काही तासांत नॅट-२ चा गट सांगणारे प्रायोगिक कार्ट्रिज संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलेही आहे. जनुक बदलत नाही, त्यामुळे ही तपासणी आयुष्यात एकदाच पुरते. राहिला एकत्रित गोळीचा प्रश्न. जलद रुग्णाला नेहमीच्या गोळीसोबत आयसोनियाझिडची सुटी गोळी वाढवता येते. मंद रुग्णासाठी आयसोनियाझिड वगळलेली एकत्रित गोळी आणि सोबत सुटी कमी मात्रा, अशी व्यवस्था लागेल. त्यात पुरवठ्याची गुंतागुंत वाढेल हे खरे, पण लहान मुलांसाठी आणि प्रतिरोधी क्षयासाठी वेगळी पाकिटे ठेवण्याची सवय या यंत्रणेला आहेच.

याखेरीज एक मुद्दा आहे ज्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही: प्रतिबंधक उपचार. क्षयरुग्णाच्या घरातील माणसांना, ज्यांना आजार झालेला नाही, तो होऊ नये म्हणून औषध दिले जाते. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार त्यात सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा तीन महिने आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, असे पर्याय आहेत. आजारी माणूस बरे होण्यासाठी थोडा धोका पत्करतो. निरोगी माणसाला औषध देताना इजा होऊ न देण्याची जबाबदारी कितीतरी वाढते. रोजच्या सहा महिन्यांच्या पर्यायात मंद गटाच्या यकृताचा प्रश्न आहे. आठवड्याच्या पर्यायात यकृताला होणारा त्रास कमी आढळला आहे आणि २०११ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हा पर्याय नऊ महिन्यांच्या आयसोनियाझिडच्या तोडीचा ठरला, ही चांगली बातमी आहे. तरीही आठवड्यातून एकदा दिलेल्या आयसोनियाझिडबाबत मद्रासने नोंदवलेले निरीक्षण इथे विचारात घ्यायलाच हवे. रिफापेंटिन शरीरात दीर्घकाळ टिकते, त्यामुळे जलद गटाचे नुकसान भरून निघत असेल. पण ते भारतीयांत मोजून पाहायला हवे, गृहीत धरू नये.

एक धोक्याची सूचना मात्र आवश्यक आहे. नॅट-२ चा संबंध क्षयापुरता नाही. धूम्रपान करणाऱ्या मंद गटातील लोकांत मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका थोडा अधिक आढळतो, आणि २०१५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी या जनुकाचे नाते इन्सुलिनला शरीर देत असलेल्या प्रतिसादाशीही जोडले. म्हणजे गोळीसाठी काढलेली माहिती विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या हाती गेली तर तिचा भलताच वापर होऊ शकतो. म्हणून निकाल फक्त मात्रेसाठी वापरला जाईल, रुग्णाच्या संमतीशिवाय पुढे जाणार नाही, याची लेखी हमी कार्यक्रमातच असली पाहिजे. अमुक समाजात मंद लोक जास्त म्हणून त्या समाजाला कमी मात्रा, असा आडाखा बांधणेही चूक ठरेल. प्रत्येक समाजात तिन्ही गट आहेत आणि उपचार माणसाचा करायचा असतो.

तेव्हा करायचे काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने चेन्नईच्या संस्थेच्या पुढाकाराने, महाराष्ट्रासह अनेक राज्यांत, नॅट-२ पाहून मात्रा ठरवण्याची मोठी चाचणी हाती घ्यावी आणि तिच्यात यकृताची इजा, उपचारातील खंड, थुंकीतून जंतू जाण्यास लागणारा वेळ आणि आजार उलटण्याचे प्रमाण या चारही गोष्टी मोजाव्यात. तोवर थांबण्याचीही गरज नाही. ज्यांना औषधांमुळे एकदा कावीळ झाली आहे, ज्यांना आधीपासून यकृताचा विकार किंवा एचआयव्ही आहे, आणि ज्यांचा क्षय पुरेसा उपचार घेऊनही उलटला आहे, त्यांच्यासाठी ही तपासणी वैद्यकीय महाविद्यालयांत लगेच सुरू करता येईल. औषधे पुन्हा सुरू करताना डॉक्टरच्या हाती आज केवळ अंदाज असतो. त्याला किमान एका ठोस माहितीचा आधार मिळेल. घरी राहूनही क्षय बरा होतो हे साठहून अधिक वर्षांपूर्वी या देशाने जगाला दाखवले, ते रुग्णाला सोयीचे काय याचा विचार केला म्हणून. आज त्याच विचाराचे पुढचे पाऊल म्हणजे गोळी देण्याआधी रुग्णाचे वजन पाहतो तसा त्याच्या यकृताचा वेगही पाहणे. ज्ञान आपले आहे, यंत्रे आपली आहेत, रुग्णही आपलेच आहेत. हा निर्णय दुसऱ्या कोणी आपल्यासाठी घेण्याची वाट पाहू नये.